ज्वारीची बिअर आणि ‘ग्लूटेन काढलेली’ बिअर: सिएटलमधून एक तुलना

माझ्या घराजवळच्या दुकानात बिअरच्या फ्रिजमधला सर्वांत खालचा कप्पा ‘ग्लूटेन फ्री’ अशा पाटीखाली राखून ठेवलेला आहे. वाकून पाहिले तर तेथे आठ-दहा प्रकारच्या बाटल्या आणि कॅन एकमेकांना खेटून उभे दिसतात. सीलिॲकचे निदान झालेल्या माझ्यासारख्या व्यक्तीने त्यांतील बऱ्याचशांना हात लावू नये, ही गोष्ट मात्र त्या पाटीवर कोठेही लिहिलेली नाही. सिएटलमध्ये राहताना गेल्या काही वर्षांत मी ग्लूटेनमुक्त बिअर शोधल्या, चाखल्या, एकदा चुकीच्या पेल्यामुळे आजारीही पडले, आणि आता त्या सर्वांविषयी माझे मत बऱ्यापैकी पक्के झाले आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशात आल्यावर हे निदान पदरी पडलेले मराठी तरुण मला याविषयी वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सीलिॲक म्हणजे ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, आणि ते अस्तर झिजले की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. माझे हिमोग्लोबिन काही केल्या वाढेना, म्हणून आधी रक्ततपासणी आणि नंतर एंडोस्कोपी झाली, आणि त्यातून हे निदान निघाले. पोळी सोडणे मला फारसे जड गेले नाही, कारण मी मंगळवेढा तालुक्यात वाढले आणि आमच्या घरी रोजचे जेवण ज्वारीच्या भाकरीचेच असे. बिअरचे तसे नव्हते. बिअर म्हणजे मुळात मोड आणून वाळवलेल्या, भाजलेल्या जवाचा आंबवलेला रस, आणि जवच वर्ज्य झाल्यावर तिचा पायाच निघून जातो.

या अडचणीतून बाहेर पडण्याचे उत्पादकांनी दोन मार्ग काढले आहेत, आणि कोणती बाटली घ्यावी हे ठरवताना चवीच्या आधी हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. पहिल्या मार्गात जवाला हातच लावला जात नाही. ज्वारी, तांदूळ, कुट्टू, वरईच्या कुळातील प्रोसो हे भरडधान्य, अशा मुळातच ग्लूटेन नसलेल्या धान्यांपासून बिअर बनवली जाते. दुसऱ्या मार्गात नेहमीप्रमाणे जवाच्याच माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांची, बिअर बनवतात आणि आंबवण्याच्या वेळी तिच्यात एक एन्झाइम घालतात, जे ग्लूटेनच्या साखळ्या प्रोलीन या अमिनो आम्लाजवळ तोडून त्यांचे बारीक तुकडे करते. हे एन्झाइम ग्लूटेनसाठी शोधलेलेही नव्हते. बिअर थंड केल्यावर तिला येणारा धूसरपणा टाळावा यासाठी ते बाजारात आले, आणि ते जी प्रथिने तोडते तीच सीलिॲकच्या रुग्णांना त्रास देणारी आहेत हे लक्षात आल्यावर त्याचा हा दुसरा उपयोग सुरू झाला.

प्रश्न असा की त्या तुकड्यांचे पुढे काय होते. अन्नातील ग्लूटेन मोजण्याच्या नेहमीच्या चाचण्या अखंड प्रथिन ओळखण्यासाठी तयार झालेल्या आहेत, आणि आंबवलेल्या, तुकडे झालेल्या पदार्थात किती ग्लूटेन उरले हे खात्रीने सांगणारी शास्त्रशुद्ध पद्धत उपलब्ध नाही, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची भूमिका आहे. म्हणून २०२० च्या नियमात त्यांनी आंबवलेल्या पदार्थांबाबत असे ठरवले की, ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचे असेल तर आंबवण्यापूर्वीच कच्चा माल ग्लूटेनमुक्त होता याची नोंद उत्पादकाकडे असली पाहिजे. जवाच्या बिअरला ही अट पाळताच येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सीलिॲकच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे दोन्ही प्रकारच्या बिअरसमोर ठेवून पाहिली गेली, तेव्हा मोजक्या रुग्णांची प्रतिपिंडे ग्लूटेन काढलेल्या बिअरला चिकटली. मोजके म्हणजे मोजकेच. पण आपण त्या मोजक्यांत आहोत की नाही हे घरबसल्या कळण्याचा मार्ग नाही, आणि आतड्याचे नुकसान दर वेळी पोटदुखीच्या रूपाने जाणवतेच असेही नाही. म्हणून मी दुसऱ्या प्रकारची बिअर पीत नाही.

देश बदलला की एकाच बाटलीचे नावही बदलते, हे प्रवास करणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे. बार्सिलोनाची एस्ट्रेला डाम डाउरा २००६ पासून मिळते. ती जवाची आहे आणि तिच्यातील ग्लूटेन दशलक्ष भागांत ३ भागांहून कमी असल्याचे उत्पादक सांगतात. युरोपात आणि ब्रिटनमध्ये दशलक्षात २० भाग ही मर्यादा पाळली की ‘ग्लूटेन फ्री’ लिहिता येते, त्यामुळे तेथे डाउरावर ते सरळ छापलेले असते, आणि त्याच लेबलवर घटकांत जवाचाही उल्लेख असतो. अमेरिकेत तिच्यावर फार तर ‘ग्लूटेन काढण्यासाठी प्रक्रिया केलेली’ अशा अर्थाचे वाक्य आणि त्यासोबत खुलासा छापता येतो. ऑस्ट्रेलियात नियम सर्वांत कडक आहे. तेथे ग्लूटेन चाचणीत अजिबात सापडता कामा नये आणि माल्ट केलेले जव तर वापरताच येत नाही. लंडनमध्ये राहणारी माझी मावसबहीण निर्धास्तपणे जी बाटली ग्लूटेनमुक्त म्हणून आणते, तीच सिडनीत त्या नावाने विकता येत नाही. बाटलीत फरक काहीच नसतो.

मी आजारी पडले ती गोष्ट याच गोंधळातली. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही शहरातल्या एका बारमध्ये गेलो होतो. यादीत एका नावापुढे ‘जीएफ’, म्हणजे ग्लूटेन फ्री, अशी दोन अक्षरे होती. मी वेटरला विचारले, त्याने आत जाऊन विचारून येतो म्हटले आणि परत येऊन हसतमुखाने होकार दिला. नळातून भरलेला पेला आला, मी तो संपवला, आणि दुसरा मागवताना सहज ती कोणत्या धान्याची आहे असे विचारले, तेव्हा जवाची, असे उत्तर मिळाले. पुढचे तीन दिवस मी अंथरुणात होते, आणि अंगातला तो जडपणा त्यानंतरही दोन आठवडे गेला नाही. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या दृष्टीने ती दोन अक्षरे पुरेशी होती. तेव्हापासून मी ‘ग्लूटेन फ्री आहे का’ असे विचारणेच सोडून दिले आहे. ‘कोणत्या धान्याची आहे’ एवढेच विचारते, आणि पेल्याऐवजी बंद कॅन टेबलावर आणायला सांगते, म्हणजे लेबल माझ्या डोळ्यांनी वाचता येते आणि आदल्या दिवशी त्याच नळातून गव्हाची बिअर गेली होती का ही शंकाही उरत नाही.

लेबल वाचण्याची एक सोपी खूण अमेरिकेत राहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. येथे जवाच्या बिअरची लेबले मद्यावरील करांचे काम पाहणाऱ्या खात्याच्या अखत्यारीत येतात, तर जवाचा माल्ट नसलेली बिअर लेबलपुरती अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. त्यामुळे ज्वारी-तांदळाच्या बिअरच्या कॅनवर बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा पोषणमूल्यांचा चौकोनी तक्ता आणि घटकांची यादी असते. तक्ता हा काही अंतिम पुरावा नव्हे, कारण हल्ली काही जवाच्या बिअरवरही तो स्वेच्छेने छापला जातो. पण त्याच्याखालच्या यादीत जव नाही हे वाचले की मन निश्चिंत होते. मी कॅन हातात घेतल्यावर पुढची चित्रे पाहतच नाही, थेट मागे वळवते.

आता चवीविषयी. २०२२ च्या जुलैत एका शनिवारी आम्ही सहा जण घरी जमलो आणि बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून, नाव न पाहता तुलना केली. जवाच्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवल्या होत्या, आणि त्या माझ्याखेरीज इतरांनी चाखल्या. त्यांचे पेलेही वेगळे होते, विसळण्याचा टबही वेगळा होता. जवाच्या बिअरबद्दल मी जे लिहीत आहे ते माझ्या नवऱ्याच्या आणि मित्रांच्या जिभेवरून, हे आधीच स्पष्ट करते.

रेडब्रिज ही या वर्गातील सर्वांत सहज सापडणारी बिअर. अनहॉयझर-बुश या बलाढ्य कंपनीची असल्यामुळे छोट्या गावातल्या किराणा दुकानातही ती मिळून जाते. ज्वारीची आहे, रंगाला मधासारखी, आणि पहिला घोट गोडसर लागतो. मात्र गिळल्यावर जिभेच्या कडांना किंचित धातूसारखी आंबट चव राहते. मिलवॉकीच्या लेकफ्रंट या कंपनीची न्यू ग्रिस्ट ज्वारी आणि तांदळाची आहे. ती अधिक हलकी, अधिक स्वच्छ, आणि उन्हाळ्याच्या दुपारी अगदी थंड करून प्यायली तर बरी लागते, पण कोमट झाली की तीच आंबट छटा तिच्यातही वर येते.

ही छटा कशामुळे येते याचा मी बराच शोध घेतला, कारण येथे ज्वारीच्या बिअरबद्दल सर्वांची तक्रार हीच असते आणि दोष ज्वारीला दिला जातो. मला ते पटत नव्हते. आंबील पिऊन वाढलेल्या माणसाला ज्वारीचा आंबटपणा परका नाही, आणि या बिअरमधली चव त्या आंबटपणाशी जुळत नाही. कारण असे की अमेरिकेतील बऱ्याचशा ज्वारीच्या बिअर अख्ख्या दाण्यापासून होतच नाहीत. कारखान्यात तयार झालेला ज्वारीचा पाक पिंपातून येतो, त्यात पाणी आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले, घालून उकळले जाते आणि यीस्ट सोडले जाते. त्या पाकात गोडवा असतो, दाण्याचा वास नसतो. असा सोपा मार्ग निवडण्यालाही कारण आहे. जवाचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला फुलतो, आणि नेमके त्याच तापमानाला जवातील एन्झाइम त्याची साखर करतात. ज्वारीचा स्टार्च फुलायला ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारे एन्झाइम तग धरत नाहीत. शिवाय मोड आलेल्या ज्वारीत ते मुळातच कमी असतात, आणि रस गाळताना चाळणीचे काम करणारे जवाचे टरफलही तिला नसते. अख्ख्या ज्वारीची बिअर करणे म्हणून कष्टाचे काम आहे. दोन सीलिॲक रुग्णांनी सुरू केलेली बार्ड्‌स ही बिअर मोड आणलेल्या ज्वारीची होती. ती मी २०१७ मध्ये पहिल्यांदा प्यायले, आणि तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास मला तिच्यात खरोखर आला.

भरडधान्यांच्या माल्टपासून बनणाऱ्या बिअर मात्र या सर्वांच्या पुष्कळ पुढे गेल्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मॉन्ट्रियलची ग्लूटेनबर्ग ही कंपनी २०११ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड बिअर कपमध्ये ग्लूटेनमुक्त गटातील तिन्ही पदके तिनेच घेतली. तिची ब्लाँड इतकी हलकी आहे की मला ती पाणचट वाटते, पण पेल ॲलमध्ये हॉप्सचा कडवटपणा आणि धान्याचा गोडवा यांचा तोल नेमका साधलेला आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्यांमधून आमच्यापैकी दोघांनी तिला जवाची समजून गुण दिले.

सिएटलची घोस्टफिश २०१५ मध्ये सुरू झाली, आणि प्रोसो, कुट्टू आणि तांदूळ यांच्या माल्टवर तिने आपली ओळख उभी केली. तिच्या ठिकाणी मी पहिल्यांदा गेले तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण तेथे जवाचा दाणाही आत येत नव्हता आणि स्वयंपाकघरही ग्लूटेनमुक्त होते. निदानानंतर प्रथमच मी वेटरला एकही प्रश्न न विचारता यादीतल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवू शकत होते. त्यांची ग्रेपफ्रूट आयपीए, म्हणजे हॉप्स जास्त घातलेली कडवट बिअर, सर्वांना आवडते, मला तिच्यातला फळाचा कडूपणा थोडा जास्त होतो. वॉचस्टँडर स्टाउटने मात्र मला जिंकले. पेल्यात ओतताना ती जवळजवळ काळी दिसते, उजेडासमोर धरली तर कडेला तपकिरी लाल झाक येते, आणि वर बदामी रंगाचा फेस बसतो. तो फेस मी घड्याळ लावून पाहिला. चार मिनिटांनंतरही पेल्याच्या काठाला त्याची रेघ होती, तर रेडब्रिजचा फेस एका मिनिटात विरून गेला होता. बिअरचा फेस प्रामुख्याने जवातील काही प्रथिनांमुळे टिकतो, ती या बिअरमध्ये नसतात, आणि तरीही एवढा फेस धरून ठेवणे ही करणाऱ्याच्या कसबाची खूण आहे. चवीला कॉफी, खरपूस भाजलेले धान्य, आणि शेवटी कडू चॉकलेट.

पोर्टलंडची ग्राउंड ब्रेकर वेगळ्याच वाटेने जाते. तिच्या डार्क ॲलमध्ये भाजलेले चेस्टनट आणि चक्क मसूर वापरतात. ऐकताना आमटी आठवते, पण पिताना भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाजवळ जाणारी कोरडी, खमंग चव लागते. सोलापूरच्या शेंगाचटणीसोबत तिच्याइतकी जुळलेली दुसरी बिअर मला माहीत नाही. बेल्जियममध्ये बनणाऱ्या ग्रीन्सच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या जड आणि महाग आहेत, पण त्यांची डबेल ही गडद, मनुकांसारखी गोडसर बिअर थंडीच्या रात्री हळूहळू पिण्यासारखी आहे. मात्र याच नावाखाली युरोपात विकल्या जाणाऱ्या काही बिअर जवाच्या आहेत, म्हणून तेथे ती घेताना घटक पुन्हा वाचावेत.

जवाच्या गटातील ओमिशन, म्हणजे पोर्टलंडला २०१२ मध्ये सुरू झालेली, आणि डाउरा या दोन्हींबद्दल इतरांचे मत एकच होते की नेहमीच्या बिअरपेक्षा काही वेगळे जाणवत नाही. ओमिशनने बाटलीवरील तारखेवरून त्या खेपेचा चाचणी-अहवाल पाहण्याची सोय ग्राहकांना दिली, हे प्रामाणिकपणाचे आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ज्यांना सीलिॲक नाही, केवळ ग्लूटेन कमी करायचे आहे, त्यांना या बिअर चालतील. सीलिॲक असलेल्यांना मी त्या सुचवणार नाही.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडता घडता राहिली. मैत्रिणीने चकण्यासाठी शेव आणि पापड आणले होते. बेसन आणि उडीद, म्हणजे दोन्ही निर्धोक, अशी तिची समजूत होती. पण दोन्हींत हिंग असतो, आणि बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ते लिहिलेले सापडले. इतक्या शोधाने आणलेली बिअर आणि सोबत गव्हाचा हिंग, हे आपल्या घरांत सहज होऊ शकते, म्हणून मुद्दाम नोंदवते. आम्ही शेंगदाणे भाजले आणि त्यावर कांदा, लिंबू आणि तिखट घातले.

किमतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भरडधान्यांच्या माल्टची बिअर नेहमीच्या बिअरच्या दीडपट ते दुप्पट पडते, आणि खप कमी असल्याने दुकानात जुनी पडून राहते. आयपीए घेताना कॅनच्या बुडाशी छापलेली तारीख पाहावी. पाच-सहा महिन्यांवर गेलेली असेल तर हॉप्सचा ताजा वास उडालेला असतो.

सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की तेथील नेहमीच्या बिअर जवाच्या माल्टच्या असतात, आणि त्यात तांदूळ घातला म्हणून त्या ग्लूटेनमुक्त होत नाहीत. बिरा ९१ व्हाइटसारख्या बिअरमध्ये तर गहूही आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मर्यादाही १ किलोत २० मिलिग्रामच आहे, तेव्हा ‘ग्लूटेन फ्री’ असे छापलेले दिसले तरी धान्य कोणते हे पाहावेच. गोव्यात असाल तर बोंडूच्या रसाची काजू फेणी आहे, पुण्यात मूनशाइनची मधापासून केलेली मीड आहे. या दोन्हींच्या मुळाशी धान्यच नाही.

गेल्या वर्षी आई येथे आली होती, तेव्हा न्यू ग्रिस्टच्या बाटलीवरची घटकांची यादी मी तिला वाचून दाखवली. तिने बाटली हातात घेतली, झाकण उघडायला लावले, वास घेतला आणि म्हणाली, “ज्वारी म्हणतेस, पण वास कुठाय गं ज्वारीचा?” मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या काळ्या रानातली मालदांडी जिने जन्मभर दळली, तिला पाक आणि दाणा यांतला फरक एका वासात कळला. मग मी वॉचस्टँडर स्टाउट उघडली. ती आईने प्यायली नाही, पण पेला नाकाशी धरून म्हणाली, “हां, हे भाजलेल्या धान्याचं आहे.” माझ्या फ्रिजमध्ये सध्या त्या स्टाउटचेच चार कॅन आहेत, आणि मालदांडीला मोड आणून कोणी अशीच गडद बिअर करील त्या दिवसाची मी वाट पाहत आहे.